स्थितप्रज्ञाची होडी

माणसं वस्तू विकत घेतात आणि मग ती वापरतात, असा एक भाबडा समज आहे. अप्पाच्या हिशेबी वस्तूचं खरं आयुष्य ती विकत घेण्याआधीच असतं. ती तक्त्यात आहे तोवर तिच्यात जीव. एकदा पैसे मोजून घरात आणली की उरतं ते फक्त धूळ झटकणं.

अप्पाचं खरं नाव पासपोर्टवर आहे. न्यू जर्सीतल्या प्लेन्सबरोची आम्ही मंडळी त्याला तिशीपासूनच अप्पा म्हणतो, कारण तिशीतही तो प्रेशर कुकर घेताना शिट्टी काळी चार की काळी पाच याची चौकशी करत होता. गादी घ्यायला गेला तेव्हा दुकानातल्या गादीवर खरोखरच झोपला. घोरायला लागल्यावर विक्रेत्याने वहिनींना हळूच विचारलं, उठवू का? वहिनी म्हणाल्या, "नको, अजून डावी कूस राहिलीय."

ही एक जातच आहे. महाराष्ट्र मंडळाच्या कुठल्याही गणेशोत्सवात आरतीनंतर ज्याच्याभोवती चार माणसं प्रसादाचे द्रोण हातात घेऊन उभी असतात आणि जो त्यांना उष्णता-पंप आणि भट्टी यांतला फरक समजावत असतो, तो या जातीचा. ही माणसं परोपकारी असतात. आमच्या वसाहतीतले निम्मे डिशवॉशर अप्पाने निवडून दिले आहेत. अप्पाच्या घरी भांडी वहिनी घासतात, कारण त्यांच्या डिशवॉशरचा निर्णय अजून व्हायचा आहे.

तर या अप्पाला अठ्ठावन्नाव्या वर्षी मासेमारीचा नाद लागला. मुलं कॉलेजला गेली होती, रक्तदाब वाढला होता आणि डॉक्टरने छंद लिहून दिला होता. ऑफिसातल्या कुणीतरी त्याला एका रविवारी मर्सर लेकच्या काठावर नेलं. काठावरून गळ टाकला की तो एक तर झाडात अडकतो नाही तर शेवाळात, आणि मासे नेहमी गळ पोचतो त्याच्या दहा फूट पुढे उडी मारतात. ते दहा फूट ओलांडायचे तर होडी हवी, हे अप्पाच्या लक्षात आलं. मासे पकडण्याचा विषय तिथेच संपला आणि होडी निवडण्याचा सुरू झाला.

आता यातली गंमत अशी, की अप्पाचं आजोळ देवबागचं. मालवणच्या खाली, एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र अशी जी जमिनीची पट्टी आहे, तिथलं. मामांचं सगळं आयुष्य रापणीच्या होडीवर गेलेलं. अप्पा वाढला डोंबिवलीत. मे महिन्यात आजोळी गेला की समुद्राकडे पाठ करून फणस खायचा. त्याला पोहता येत नाही. पण रक्त शेवटी रक्तच, असं तो आता म्हणायला लागला होता.

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी एक कयाक घेतली आहे. दुकानाच्या बाहेर लाल रंगाची दिसली, गाडीच्या टपावर बांधली, आणली. हे ऐकल्यावर अप्पाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आपल्याकडे पळून जाऊन लग्न केलेल्या मुलीकडे बघतात.

"रुंदी किती आहे?" त्याने विचारलं.

"मी मावतो," मी म्हणालो.

त्याने वही मिटली.

अप्पा मुळापासून अभ्यास करतो. त्यामुळे सुरुवात आर्क्टिकपासून झाली. कयाक ही इनुइट लोकांची शिकारीची होडी. वाहत आलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा, त्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचं आणि बर्फाळ पाण्यात एकट्याने सीलच्या मागे जायचं. ही होडी बाजारात मिळत नसे. ज्याची त्याने आपल्या अंगाच्या मापाने बेतायची. लांबी साधारण तीन वाव, म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं त्याच्या तिप्पट, आणि बसायच्या जागेची रुंदी म्हणजे कंबर अधिक दोन मुठी. होडी उलटली तर शिकारी वल्ह्याच्या एका फटक्यात पाण्याखालून फिरून पुन्हा वर येई, कारण तो होडीत बसलेला नसे, होडी त्याने जवळजवळ नेसलेली असे.

अप्पाने वहिनींना शिवणाची टेप आणायला सांगितली. कंबर अधिक दोन मुठी मिळून तेवीस इंच भरले.

"मग तुम्ही छत्तीस इंचाची का शोधताय?" वहिनींनी विचारलं. "उरलेले तेरा इंच कशाला?"

"मनःशांतीसाठी," अप्पा म्हणाला.

ही छत्तीसची भानगड एका दिवसात झालेली नाही. तो तीसवरून बत्तीसवर, बत्तीसवरून चौतीसवर असा महिन्याला दोन इंच रुंदावत आला होता. पत्रिका जुळवतानाही इतक्या हट्टाने छत्तीस कुणी मागत नाही. त्याची अट एकच होती. होडी हलता कामा नये.

मासेमारीच्या कयाक आता आत पाय घालून बसायच्या फारशा राहिलेल्या नाहीत. वर बसायच्या असतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात टिम निमियर नावाच्या माणसाने त्या करायला घेतल्या आणि पुढे त्या प्लास्टिकच्या झाल्या. साच्यात पॉलिथिलिनची भुकटी घालायची, साचा भट्टीत गरगर फिरवायचा, की सांधा नसलेली एक पोकळ, बंद होडी तयार होते. माणूस तिच्या आत नसतो, पाठीवर असतो. वर आलेलं पाणी परत जावं म्हणून तिला आरपार भोकं ठेवलेली असतात. बसायची जागा पाण्याच्या पातळीपेक्षा उंच, त्यामुळे पाणी आपोआप खाली जातं. मात्र सामान जास्त भरलं की होडी खाली बसते आणि त्याच भोकांतून पाणी वर येतं. म्हणून कंपन्या त्या भोकांची बुचंही विकतात, वेगळे पैसे लावून.

हे अप्पाने मामांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. मी शेजारी होतो. मामा अंगणात सुपारी कातरत बसले होते. ते थांबले.

"भोकां आसत होडीक?"

"हो मामा, मुद्दाम ठेवतात."

"आमच्या हय भोकां पडली की होडी चुलीत घालतत." मग सुपारीचं खांड तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "आणि मासो कितको गावता?"

अप्पाने प्रामाणिकपणे सांगितलं, की इथल्या तळ्यांत बास मिळतो, पण बहुतेक लोक तो पकडतात, फोटो काढतात आणि परत सोडून देतात.

"धरूचो आणि सोडूचो?"

"हो."

"मगे धरूचो कित्याक?"

याला अप्पाच्या तक्त्यात रकाना नव्हता. त्याने विषय बदलला आणि होडी हलू नये म्हणून काय करता, असं विचारलं. मामा म्हणाले, उलांडी बांधायची. होडीच्या एका अंगाला दोन दांडे काढून त्यांच्या टोकाला पाण्यात तरंगणारा ओंडका. कोकणच्या किनाऱ्यावर ही तऱ्हा पिढ्यानपिढ्या चालत आलेली. अप्पा आनंदाने ओरडला, कारण अमेरिकेत कयाकसाठी नेमकी हीच गोष्ट मिळते, हवा भरलेल्या नळकांड्यांची आणि दोन्ही बाजूंना.

"दोनय बाजूक?" मामा म्हणाले. "मगे ती होडी की पाळणो?"

अप्पा म्हणाला, पण हलत नाही मामा, अजिबात हलत नाही.

मामांनी अडकित्ता खाली ठेवला. "रे झिला, जी हलता ती होडी. हलना नाय ता घर."

त्यानंतर मामांचं मत अप्पाने नोंदवलं, पण 'जुनी पद्धत' या सदरात.

स्थिरतेचा प्रयोग आम्ही सर्वांनी पाहिला. रविवारी दुपारी अप्पाने चार घरांना बोलावलं आणि न्हाणीघरातला टब भरला. एक परात, एक गोल बुडाची कढई आणि खलबत्त्यातला पितळी बत्ता असं साहित्य मांडलेलं होतं. वहिनींनी दाराशी उभं राहून एवढंच सांगितलं, की कढई संध्याकाळी लागणार आहे.

परात म्हणजे सपाट तळाची होडी. अप्पाने तिची कड बोटाने दाबली. ती ढिम्म हलली नाही. कढई पाण्यात ठेवल्याबरोबरच डुलायला लागली. सगळे म्हणाले, परात चांगली. अप्पा याचीच वाट बघत होता. त्याने तळहाताने टबात लाटा उठवल्या. परात बिचारी पाण्याला चिकटून होती, त्यामुळे लाट जिकडे झुकली तिकडे तीही झुकली, कड पाण्याखाली गेली आणि दोन दमात ती भरली. कढई मात्र डुलत डुलत तशीच राहिली. तिच्याखाली पाणी तिरकं झालं तरी तिला तिरकं व्हायची सक्ती नव्हती.

"पहिली स्थिरता म्हणजे दुकानात बसून बघताना वाटते ती," अप्पा म्हणाला. "दुसरी म्हणजे लाट आल्यावर उरते ती."

हे वाक्य मला फार आवडलं आणि मी तसं सांगितलंही. अप्पा खूश झाला नाही. त्याला दोन्ही हव्या होत्या. मग त्याने परातीत बत्ता आडवा ठेवला, तेव्हा सगळं ठीक होतं. तोच बत्ता पालथ्या वाटीवर उभा केला, म्हणजे आसन उंच केलं, तर कुणीतरी शिंकलं तेवढ्यानेच परात कलली आणि बत्ता टबाच्या तळाशी गेला. बत्ता म्हणजे अप्पा, हे त्याने आधीच जाहीर केलेलं असल्यामुळे जरा वेळ कुणी काही बोललं नाही.

उंच आसनाचा हा घोळ खरा आहे. उंच बसलं की पाण्यातलं लांबवरचं दिसतं, उठून उभं राहणं सोपं जातं, गुडघ्यांना बरं वाटतं आणि गुरुत्वमध्य वर जातो. खाली बसलं की होडी शहाण्यासारखी वागते आणि कंबर तक्रार करते. म्हणून बऱ्या कयाकमध्ये आता अॅल्युमिनियमच्या चौकटीवर जाळी ताणलेली खुर्ची असते, जी वर-खाली दोन उंचींवर बसवता येते. जुन्या तऱ्हेत प्लास्टिकच्या खळग्यावर एक पातळ गादी ठेवलेली असे. तिच्यावर तासभर पाय सरळ पसरून बसलं की माणूस ओला आणि वाकडा होऊनच बाहेर निघे. गुडघे थोडे वाकलेले, तळवे पुढच्या आधाराला टेकलेले आणि मांड्यांखाली आधार असला की पाठीचा खालचा भाग सुखात राहतो. अप्पाच्या मणक्यात चौथ्या-पाचव्याच्या दरम्यान काहीतरी आहे, आणि त्याचा उल्लेख तो कुटुंबातल्या माणसासारखा करतो. "याला ही खुर्ची चालणार नाही," असं तो म्हणे, तेव्हा विक्रेता मागे वळून कोण आलंय ते बघे.

दुकानात आम्ही खूपदा गेलो. जमिनीवर मांडलेल्या होड्यांत अप्पा बसून राही. एकदा वहिनींनी घरून पोळी-भाजीचा डबा नेला होता, तो त्याने चौदा फुटी कयाकमध्ये बसूनच खाल्ला. डबा कुठे ठेवायचा, हाही निवडीचा निकष होता. या होड्यांच्या मागच्या बाजूला एक चौकोनी खड्डा असतो, दुधाच्या पिशव्यांचा क्रेट बसेल असा. दुधाचा क्रेट हे अमेरिकेतल्या कयाकवाल्यांचं कुलदैवत आहे. चार हजार डॉलरची होडी घेणारेही गळांच्या पेट्या ठेवायला तोच लावतात. दुकानदार सज्जन होता. त्याने सांगितलं, आमच्याकडे भाड्याने नेऊन बघायची सोय आहे, घेतलीत तर भाडं किमतीतून वजा. अप्पाने ते वाक्य त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

मग वजनाचा तक्ता झाला. होडीवर जी वजनमर्यादा छापलेली असते, ती ती बुडू नये इतपतची. आरामात वावरायचं तर तिच्या दोन तृतीयांशाच्या पलीकडे जाऊ नये, असं जाणकार सांगतात. म्हणजे ४५० पौंड लिहिलं असेल तर तीनशे धरायचे. अप्पाने सगळं मांडलं. स्वतः, बूट, जाकीट, गळ, पेट्या, नांगर, पाणी, थर्मास, मासे शोधायचं यंत्र, त्याची बॅटरी. 'स्वतः' या ओळीवर वाद झाला. अप्पाने आकडा लिहिला, वहिनींनी तो खोडला आणि दुसरा लिहिला. शेवटी दिवाळीच्या आधीचं वजन आणि दिवाळीनंतरचं वजन असे दोन रकाने पडले. सर्वांत खाली 'मासे' अशी ओळ होती आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह. पकडून सोडून द्यायच्या माशाचं वजन धरावं का, यावर त्याने मला रात्री साडेअकराला फोन केला.

खरी शोकांतिका पुढे आहे, आणि ती रुंदीतून निघते. रुंद होडी पाणी जास्त ढकलते, म्हणून हळू चालते. हळू चालणारी होडी हाताने वल्हवायची तर खांदे जातात. खांदे वाचवायचे तर पायाने चालवायची हवी. १९९७ साली होबी कंपनीने पायाने चालणारं यंत्र काढलं, होडीखाली पेंग्विनच्या पंखांसारखी दोन पाती फडफडतात. दुसऱ्या कंपन्या सायकलसारखं पायडल देतात, ज्यात उलटं फिरवलं की होडी मागे जाते. हात मोकळे राहतात, म्हणजे गळ धरता येतो. सगळं उत्तम. फक्त तेवढ्याने होडीचं वजन शंभर पौंडांच्या घरात जातं. ते अप्पाच्या मिनीव्हॅनच्या टपावर चढवायचं म्हणजे शेजारी बोलवायचे, आणि शेजारी पहाटे पाचला येत नाहीत. मग ट्रेलर हवा. ट्रेलरसाठी गाडीला मागून आकडा हवा. आकडा बसला तरी ट्रेलर कुठे ठेवणार? आमच्या वसाहतीच्या नियमावलीत दारात ट्रेलर उभा करायला मनाई आहे. ती नियमावली मीही प्रथमच वाचली, अप्पाने ठळक केलेल्या ओळींसह. म्हणजे एक तर वसाहतीच्या समितीत निवडून यायचं, नाही तर घर बदलायचं. अप्पाने दोन्ही पर्याय किमतीसह तक्त्यात घातले. होडी न हलण्याची किंमत तोवर चार लाख तीस हजार डॉलर झाली होती.

"यापेक्षा पोहायला शिका," वहिनी म्हणाल्या.

एवढ्या महिन्यांत हे कुणालाच सुचलं नव्हतं. अप्पाने लगेच प्रतिवाद केला. प्रिन्स्टनच्या कार्नेगी लेकवर आइनस्टाइन शिडाची होडी चालवत असत आणि त्यांना पोहता येत नव्हतं, हे जगजाहीर आहे. वहिनी म्हणाल्या, त्यांनी ती होडी घ्यायला किती वर्षं लावली तेवढं शोधून सांगा.

त्याच कार्नेगी लेकवर अप्पा मला एका पहाटे निरीक्षणाला घेऊन गेला. अँड्र्यू कार्नेगीने १९०६ साली प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना वल्हवण्याच्या शर्यतींसाठी हा तलाव बांधून दिला आणि ती मुलं आजही तिथे सरावाला असतात. एकट्याने वल्हवायची त्यांची होडी आठ मीटर लांब आणि जेमतेम तीस सेंटिमीटर रुंद असते, वजन चौदा किलोच्या आसपास. पाण्यावर सुई टाकावी तशी ती जाते. आमच्या समोर एक मुलगी वळताना पडली. तिने होडी सरळ केली, तिच्यावर आडवी झाली, बसली, ओले केस मागे सारले आणि निघून गेली. मला वाटलं, या दृश्यातून अप्पा काहीतरी घेईल. त्याने वही काढून लिहिलं, '३० सें.मी.: बाद.'

पोहण्याचा वर्ग मात्र वहिनींनी लावलाच. सहा-सात वर्षांच्या मुलांबरोबर अप्पा फळी धरून पाय मारायला शिकला आणि फळ्यांच्या तीन कंपन्यांमधला फरकही त्याने त्या मुलांना समजावला. मार्चमध्ये पोहण्याच्या त्याच तलावात कयाक उलटल्यावर काय करायचं याचं शिक्षण होतं. अप्पाने हट्ट धरून दुकानातून आपली लाडकी छत्तीस इंची मागवून घेतली. शिक्षिका पन्नाशीची, बारीक, शिट्टी गळ्यात. ती म्हणाली, पाडून घ्या.

अप्पाला पडता येईना. तो डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, कडेवर बसला. होडी गंभीर होती. त्या क्षणी अप्पाच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते मी मुलीच्या पदवीदानाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. शेवटी शिक्षिका, मी आणि एक जीवरक्षक पोरगा अशा तिघांनी मिळून ती उलटवली. मोठा आवाज झाला. अप्पा जाकिटामुळे बुचासारखा वर आला, नाकातोंडातलं पाणी पुसलं आणि समोर बघितलं. होडी पालथी पडली होती. तळ वर, खुर्ची खाली. आणि ती तशीच राहिली.

शिक्षिकेने युक्ती सांगितली. तळावर पोट टेकायचं, पलीकडची कड धरायची, मागे झुकून अंगाचं वजन टाकायचं, की होडी सरळ होते. माझी लाल कयाक असती तर एका हिसक्यात झाली असती. अप्पाने ओढलं. पुन्हा ओढलं. होडी गंभीर होती.

"ही सरळ का होत नाही?" त्याने विचारलं.

शिक्षिका अगदी साधेपणाने म्हणाली, की ही फार स्थिर होडी आहे. सरळ असताना जितकी, तितकीच पालथी असतानाही.

अप्पा पालथ्या होडीला धरून बराच वेळ पाण्यात राहिला. मला त्याची खरोखर काळजी वाटली. वर्षभराच्या अभ्यासावर एखाद्याचा विश्वास उडाला असता. पण ही जात मी कमी ओळखली होती. घरी परतताना गाडीत तो बोलायला लागला तेव्हा आवाजात पुन्हा तीच धार होती. तक्त्यात एक नवा रकाना लागणार होता, 'पालथेपणी वर्तन', आणि त्यासाठी सगळ्या होड्या पहिल्यापासून तपासाव्या लागणार होत्या. म्हणजे आणखी एक वर्ष सहज निघालं. वहिनींनी पुढच्या सीटवरून विचारलं, की न्यू जर्सीत सत्तरीनंतर मासेमारीचा परवाना लागत नाही म्हणतात, ते खरं का? खरं आहे, गोड्या पाण्यातल्या मासेमारीला सोळा ते एकोणसत्तर वयापर्यंतच परवाना लागतो. "मग घाई नको," वहिनी म्हणाल्या.

तरीही यंदाच्या मे महिन्यात अप्पा मर्सर लेकच्या उतारावर आला. मी माझी लाल घेऊन आधीच पोचलो होतो. त्याची वाळूच्या रंगाची होती, बारा फूट लांब, चौतीस इंच रुंद, मधे बोगदा असलेल्या दुहेरी तळाची, उभं राहायला पुढे मऊ रबर लावलेली. खुर्ची खालच्या उंचीवर. मागे दुधाचा क्रेट, त्यात थालीपिठांचा डबा. अंगात मासेमारीचं जाकीट, ज्याची पाठ खुर्चीला अडू नये म्हणून वरच्या बाजूलाच भरलेली असते. गळ्यात कायद्याप्रमाणे शिट्टी. दोन चाकांच्या गाडीवरून ती त्याने एकट्याने उतारापर्यंत आणली, पुढचं टोक पाण्यात सारलं आणि आत बसला. होडीचा मागचा भाग अजून जमिनीवर होता. खरं सांगतो, त्याला शोभून दिसत होती.

एवढ्यात बाबागाडी ढकलत एक तरुण जोडपं आलं. पुण्याचे होते, नुकतेच वेस्ट विंडसरला राहायला आलेले. मुलगा होडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "काका, मस्तच आहे ही! मी पण घ्यायचा विचार करतोय. काय बघून घ्यावी?"

मी वल्हं उचललं आणि निघालो. यानंतर काय होणार ते मला माहीत होतं. मी पलीकडच्या काठापर्यंत गेलो, शेवाळाच्या कडेला गळ टाकला, एक बोटभर सनफिश लागला तो सोडला, एका म्हाताऱ्या चिनी गृहस्थाशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि परत आलो. अप्पाच्या होडीचं टोक पाण्यात आणि शेपूट जमिनीवर, तसंच होतं. मुलगा आता उतारावर उकिडवा बसून मोबाइलमध्ये आकडे टिपून घेत होता.

"तुझं वजन किती?" अप्पा विचारत होता. "बुटांसकट सांग. आणि गाडी कुठली? टपावर रॅक आहे? वसाहतीची नियमावली वाचलीस?"

समोर दहा फुटांवर एका बासने उडी मारली. दोघांनीही मान वळवली नाही.

मुलाची बायको वहिनींजवळ बाकावर बसली होती. बाळाला झोपवता झोपवता तिने कौतुकाने विचारलं, "काकू, काकांचा केवढा अभ्यास आहे! ही घ्यायला किती दिवस लागले हो?"

"घेतली कुठेय?" वहिनी म्हणाल्या. "दुकानाची आहे. भाड्याने आणलीय. पाचला परत द्यायचीय."

"साडेपाच," अप्पा मागे न बघता म्हणाला. "शनिवारी साडेपाच."